पाडण्याआधी साक्ष घ्या

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत एखादी जुनी इमारत पाडायची ठरली, एखादं चर्च विकायला निघालं किंवा वस्तीतला पोहण्याचा तलाव बंद व्हायची वेळ आली, की एक ठरलेला वाद सुरू होतो. लोक लहानपणीच्या आठवणी घेऊन पुढे येतात: इथे आजीचा हात धरून आलो, या जिन्यात पहिला मित्र भेटला, या तलावात वडिलांनी पोहायला शिकवलं. समोरून उत्तर येतं की गळकं छप्पर आठवणींनी दुरुस्त होत नाही, आणि ज्या काळाच्या आठवणीने तुमचा गळा दाटून येतो त्या काळात याच घरांत क्षय होता, मुडदूस होता, जिन्याच्या वळणावर चार बिऱ्हाडांत मिळून एक संडास होता. पहिले दुसऱ्यांना निर्दय म्हणतात, दुसरे पहिल्यांना भाबडे. सध्या चर्च ऑफ स्कॉटलंड ही तिथली प्रमुख प्रोटेस्टंट धर्मसंस्था आपल्या अनेक इमारती विकायला काढत आहे, त्यामुळे हा वाद शहरातून निघून लहान गावांपर्यंत पोचला आहे, आणि जिथे पोचला तिथे तितक्याच वाईट पद्धतीने घातला जातो आहे.

वाईट अशासाठी की दोन्ही बाजू आठवणीला निव्वळ भावना समजतात. एक बाजू तिला हात लावू देत नाही, दुसरी तिला हिशेबात धरत नाही. माझं म्हणणं असं आहे की कुटुंबाची, बालपणाची, एका नेमक्या जागेशी बांधलेली आठवण ही साक्ष असते, आणि साक्षीला जी वागणूक मिळायला हवी तीच तिला मिळाली पाहिजे. ती नोंदवून घ्यावी, तिची उलटतपासणी करावी, कागदपत्रांशी आणि इतरांच्या सांगण्याशी ती ताडून पाहावी. साक्षीदार म्हणेल तोच निकाल लागला पाहिजे असं कोणी म्हणत नाही. पण साक्षीदारांना दाराबाहेर उभं करून निकाल लावायचा, याला काय म्हणायचं?

रेड रोडचं प्रकरण या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखं आहे. ग्लासगोच्या ईशान्येला १९६४ ते १९६९ या काळात आठ अवाढव्य इमारती उभ्या राहिल्या. काही ३१ मजल्यांच्या. सगळ्या मिळून सुमारे ४,७०० माणसांसाठी. पुढे त्यांची रया गेली. २०१४ च्या एप्रिलमध्ये राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेच्या आयोजकांनी जाहीर केलं की २३ जुलैच्या उद्घाटन सोहळ्यात यांतल्या तोवर उरलेल्या सहांपैकी पाच इमारती सुरुंगाने उडवल्या जातील आणि ते दृश्य स्टेडियममध्ये थेट दाखवलं जाईल. सहावी इमारत तेवढी उभी राहणार होती, कारण तिच्यात आश्रय मागायला आलेली परदेशी कुटुंबं राहत होती. हजारो लोकांनी विरोधात सह्या केल्या आणि दोन आठवड्यांच्या आत बेत रद्द झाला. कारण सुरक्षेचं देण्यात आलं. त्या दिवसांत समर्थक विचारत होते, या इमारतींवर कोणाचं प्रेम होतं? हा प्रश्नच चुकीचा होता. साठच्या दशकात तिथे राहायला गेलेल्या मुलांच्या आठवणीत आयुष्यात पहिल्यांदा मिळालेलं घरातलं न्हाणीघर असतं, नळाला येणारं गरम पाणी असतं, खिडकीतून दिसणारे कॅम्प्सीचे डोंगर असतात. पुढच्या काळात तिथेच वाढलेल्यांच्या आठवणीत बंद लिफ्ट आणि अंधारे जिने असतात. खोटं कोणीच बोलत नाही. मधल्या वर्षांत काय बिघडलं, दुरुस्ती केव्हा थांबली, कोणती कुटुंबं आधी निघून गेली आणि का, हे सांगू शकणारे साक्षीदार हेच होते. शहराने त्यांना प्रेक्षक व्हायला बोलावलं. ऑक्टोबर २०१५ मध्ये उरलेल्या सहाही इमारतींना सुरुंग लावले, तेव्हा दोन इमारती अर्धवटच कोसळल्या.

आता विरोधी बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा. आठवणी जगलेल्यांच्याच असतात. जे मूल त्या जिन्यात वारलं, त्याची आठवण सांगायला कोणी येत नाही. १९११ च्या जनगणनेत स्कॉटलंडची जवळपास निम्मी लोकसंख्या एक किंवा दोन खोल्यांच्या घरात राहत होती. इंग्लंडमध्ये हे प्रमाण दहा टक्क्यांच्याही खाली होतं. ग्लासगोत एका खोलीच्या बिऱ्हाडाला ‘सिंगल एन्ड’ म्हणत. भिंतीतल्या खणात पलंग, त्याच खोलीत चूल, त्याच खोलीत आजारी आजोबा. अशा घरातलं मूल बहुतेक वेळ मागच्या अंगणात काढत असे. त्याला आठवतो तो फरशीवर चौकोन आखून पॉलिशची डबी सरकवत लंगडीवर खेळायचा पीव्हर, आणि वरच्या मजल्यावरून आईने कागदात गुंडाळून खाली टाकलेला जाम-पाव. घरभाडं त्याला ठाऊक नसतं. सेंट किल्डा या अटलांटिकमधल्या बेटाचंही तसंच. २९ ऑगस्ट १९३० रोजी तिथले शेवटचे ३६ रहिवासी बेट सोडून गेले, आणि तेव्हापासून त्या बेटावर हळव्या लेखनाचा पूर लोटला आहे. पण बेटवासीयांनीच सरकारला अर्ज करून आम्हाला इथून न्या म्हटलं होतं. एकोणिसाव्या शतकात तिथे जन्मलेल्या अर्भकांपैकी कितीतरी धनुर्वाताने आठवडाभरात दगावत. बेटावर जन्मलेल्यांपैकी शेवटची हयात व्यक्ती २०१६ साली वारली; बेट सोडलं तेव्हा ती आठ वर्षांची होती. आठ वर्षांच्या मुलीच्या आठवणीत किनारा असेल, खेळ असतील. न वाचलेल्या भावंडांची बाजू तिने कशी सांगावी?

दुसरा मुद्दाही खरा आहे: आठवण चुकते, आणि मुलांची तर सर्रास चुकते. सप्टेंबर १९५४ मध्ये ग्लासगोच्या गोर्बल्स भागातल्या शेकडो मुलांनी काठ्या, सुऱ्या, कुत्री घेऊन सदर्न नेक्रोपोलिस या दफनभूमीवर धाड घातली. सात फूट उंच, लोखंडी दातांच्या एका पिशाच्चाने दोन मुलगे खाल्ले आहेत आणि ते तिथे दडलं आहे, अशी त्यांची खात्री होती. असे कोणतेही मुलगे बेपत्ता नव्हते. त्या रात्री तिथे असलेली मुलं म्हातारी झाल्यावरही ती गोष्ट सांगत, आणि प्रत्येकाची गोष्ट थोडी वेगळी असे.

पण याच प्रसंगाचा पुढचा भाग पाहा. मोठ्यांनी ताबडतोब निदान केलं की हा अमेरिकन भयकथांच्या चित्रपुस्तकांचा परिणाम. गोर्बल्सच्या खासदारांनी संसदेत हा प्रसंग मांडला आणि १९५५ साली मुलांसाठी घातक प्रकाशनांवर बंदी घालणारा कायदा झाला. पुढे अभ्यासकांनी शोध घेतला तेव्हा त्या पुस्तकांत लोखंडी दातांचं पिशाच्च काही सापडेना. ते सापडलं बायबलच्या दानिएलाच्या पुस्तकात, आणि मुलांना धाक घालण्यासाठी स्कॉटलंडमध्ये सांगितल्या जाणाऱ्या लोखंडी दातांच्या जेनीत. दफनभूमीजवळच एका मोठ्या लोखंडाच्या कारखान्याच्या भट्ट्या रात्रभर पेटलेल्या असत. थडग्यांवर तांबडा उजेड आणि धूर येई. मुलांनी पाहिलेलं पिशाच्च खोटं होतं, पण त्यांच्या गोष्टीतला उजेड, धूर आणि भीती त्या जागेची होती. मोठ्यांनी केलेलं निदान मात्र हवेतलं होतं. चुकलेल्या आठवणीनेही जागेबद्दल इतकं सांगितलं, आणि ज्यांना आपण वस्तुनिष्ठ मानतो त्यांनी जागेकडे नीट पाहिलंच नाही. मग चूक होते म्हणून साक्ष टाकून द्यायची, हा न्याय फक्त एकाच बाजूला का?

कुटुंबाची आठवण म्हणजे एकाच सुरातलं गाणं, हीसुद्धा चुकीची समजूत आहे. ज्या जिन्यात मुलं लपाछपी खेळत होती, त्याच जिन्यात १९१५ साली ग्लासगोतल्या गोव्हन भागाच्या बायकांनी घरभाडंवाढीविरुद्ध मोर्चे बांधले. मेरी बार्बर यांच्या नेतृत्वाखाली त्या घंटा वाजवून एकमेकींना सावध करत, आणि घर खाली करायला आलेल्या कोर्टाच्या माणसावर पीठ फेकून त्याला परतवून लावत. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारला भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. मुलाच्या आठवणीत तो दिवस जत्रेसारखा असेल, आईच्या आठवणीत डोक्यावरचं छप्पर जायची वेळ. दोघांना एका टेबलाशी बसवलं तर त्या घराबद्दल जे कळेल ते भाड्याच्या वहीत नसतं, आणि एकट्या मुलाच्या आठवणीतही नसतं. आठवणीत परस्परविरोध आहे म्हणून ती निरुपयोगी, असं म्हणणाऱ्यांनी कोर्टातला एखादा दिवस पाहावा. साक्षी जुळत नाहीत तिथूनच तर तपासाला सुरुवात होते.

स्कॉटलंडला हे सांगायला बाहेरून कोणी यायची गरज नाही. हे काम त्या देशाने एकदा स्वतः केलेलं आहे. १८८३ साली लॉर्ड नेपियर यांच्या अध्यक्षतेखालचा आयोग उत्तरेकडच्या डोंगराळ हायलंड्समधल्या आणि बेटांवरच्या कुळांच्या तक्रारी ऐकायला निघाला. पहिली बैठक स्काय बेटावरच्या ब्रेज इथे झाली, जिथे वर्षभरापूर्वी कुळांची पोलिसांशी झटापट झाली होती. पहिला साक्षीदार गेलिक ही तिथली जुनी भाषा बोलणारा. जबानीआधीच तो म्हणाला की मी खरं बोलल्याबद्दल मला जमिनीवरून हुसकणार नाही अशी आधी हमी द्या. आयोगाने अशा साडेसातशेहून अधिक जणांचं ऐकलं. सदरलंडमधल्या बेटीहिलला एक ऐंशीच्या घरातला म्हातारा उभा राहिला. स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यातून जमीनदारीने कुळांना हाकललं तेव्हा तो ११ वर्षांचा होता. घरात तो आणि त्याचा लहानगा भाऊ, दोघेच झोपलेले; एक बाई धावत आली आणि ओरडली की पलीकडे सेलर घरं जाळतो आहे. भावाला पाठीवर घेऊन तो नदीत उतरला. पाणी भावाच्या पाठीला लागलं, भाऊ रडत अंग झटकू लागला, हा पाण्यात पडला, आणि दुसऱ्या कुणा गरीब बाईने दोघांना बाहेर काढलं.

पॅट्रिक सेलर हा त्या जमीनदारीचा कारभारी. १८१६ साली इन्व्हरनेसच्या न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं होतं. १८८३ मध्येच त्याच्या मुलाने वडिलांच्या बचावासाठी पुस्तक लिहिलं: न्यायालयाचा निकाल पाहा, म्हाताऱ्यांच्या गोष्टींवर काय विश्वास ठेवता? हा आक्षेप पोकळ नाही. सत्तर वर्षांत तपशील सरकतात, एका वर्षाची घटना दुसऱ्या वर्षाला चिकटते, ऐकलेलं पाहिल्यासारखं वाटू लागतं. पण सेलरच्या मुलाकडेही होतं काय? त्याच्याही हाती एका कुटुंबाची, एका वडिलांची आठवणच होती. फरक इतकाच की त्याला ती छापून काढता येत होती. आयोगाने म्हाताऱ्याची आठवण छापली, तेव्हा पहिल्यांदा दोन्ही कुटुंबं एका पातळीवर आली. सरकारने आयोगाच्या सगळ्या शिफारशी घेतल्या नाहीत. तरी १८८६ च्या कायद्याने क्रॉफ्टर म्हणवणाऱ्या या लहान कुळांना जमिनीवर कायम राहण्याचा, वाजवी खंडाचा आणि वारसाचा हक्क मिळाला. पुढे १९७६ साली इतिहासकार जेम्स हंटर यांनी हायलंड्सचा इतिहास कुळांच्या बाजूने मांडला तेव्हा त्यांनाही या साक्षींचा आधार झाला. पाठीवरच्या त्या मुलाची नोंद जमीनदाराच्या कोणत्या वहीत सापडली असती?

आणि आठवण म्हणजे गोडगोड, या गृहीताला उत्तर द्यायचं तर लॅनार्कच्या स्मायलम पार्कचं नाव घ्यावंच लागेल. कॅथलिक नन्स चालवत असलेला हा अनाथाश्रम १९८१ साली बंद झाला. तिथे वाढलेल्यांनी मारहाणीच्या, अपमानाच्या, अत्याचाराच्या आठवणी सांगितल्या, तेव्हा कितीतरी वर्षं त्यांना हेच ऐकावं लागलं की इतक्या जुन्या गोष्टी, त्याही लहानपणच्या, त्यांचा काय भरवसा. २०१५ साली स्कॉटलंड सरकारने बालशोषणाची चौकशी नेमली. चौकशीच्या अध्यक्ष लेडी स्मिथ यांच्यापुढे या माणसांनी शपथेवर साक्षी दिल्या, संस्थेची बाजूही ऐकली गेली, जुनी दप्तरं उघडली गेली, आणि २०१८ च्या अहवालाने मान्य केलं की ती मुलं भीतीच्या छायेत वाढली होती आणि त्यांचा छळ झाला होता. २०१७ मध्ये अशा दाव्यांवरची तीन वर्षांची मुदतही कायद्याने काढून टाकली. जो समाज या प्रकरणातून गेला, त्याने बालपणीच्या आठवणीला ‘स्मरणरंजन’ म्हणून हसण्यावारी नेण्याचा हक्क गमावला आहे. आठवणींना पवित्र मानणाऱ्यांनीही यातून शिकायचं आहे: या साक्षींना वजन आलं ते त्या तपासल्या गेल्या म्हणून. कवटाळून ठेवलेली, प्रश्न विचारू न देणारी आठवण त्या मुलांच्या काही कामाची नव्हती.

नगररचनेतही साक्ष नाकारल्याची किंमत मोजावी लागली आहे. १९४५ साली ग्लासगोचे शहर अभियंता रॉबर्ट ब्रूस यांनी शहराचा जवळजवळ सगळा मध्यभाग पाडून नव्याने बांधायचा आराखडा दिला. त्यात सेंट्रल स्टेशन, केल्व्हिनग्रोव्ह संग्रहालय, वास्तुरचनाकार मॅकिंटॉशने बांधलेलं कलाविद्यालय, सगळंच जाणार होतं. तो पूर्ण अमलात आला नाही, पण १९५७ मध्ये शहरातले २९ विभाग सरसकट पुनर्विकासासाठी नेमले गेले आणि सुरुवात गोर्बल्सपासून झाली. तिथल्या हचेसनटाउन ई या नव्या वसाहतीत लोक राहायला गेले, आणि लवकरच आया सांगू लागल्या की भिंतींना बुरशी येते, मुलांचे कपडे ओले राहतात. त्यांना उत्तर मिळालं की दोष तुमच्या राहणीचा, खिडक्या उघडत जा. रहिवाशांना वर्षानुवर्षं लढावं लागलं. शेवटी १९८७ साली, वीस वर्षंसुद्धा न टिकलेली ती वसाहत पाडली गेली. त्या आयांची साक्ष पहिल्याच हिवाळ्यात नोंदवली असती तर किती मुलांचे खोकले वाचले असते?

याच शहरात उलट उदाहरणही घडलं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला गोव्हनमध्ये रहिवासी आणि काही तरुण वास्तुरचनाकार एकत्र आले. जुन्या दगडी इमारती न पाडता आतली रचना बदलून प्रत्येक घरात न्हाणीघर बसवता येतं, हे त्यांनी करून दाखवलं. त्यासाठी कोणत्या घरातली म्हातारी कोणत्या शेजारणीच्या आधाराने राहते, कोणाला तात्पुरतं कुठे हलवलं तर चालेल, ही माहिती लागत होती, आणि ती रहिवाशांच्या कुटुंबकथांतच होती. पुढे वस्तीवस्तीतल्या गृहसंस्थांनी हीच वाट धरली. ग्लासगोत आज ज्या लालसर दगडी इमारती टिकून आहेत, त्यांतल्या कितीतरी त्या वाटेने वाचल्या. पाडापाडीचे समर्थक म्हणतात की पर्याय होता कुठे? पर्याय होता, तो सांगणाऱ्या माणसांना विचारलं नव्हतं.

ग्लासगोत लोक अकाली मरतात ते लिव्हरपूल आणि मँचेस्टरपेक्षा जास्त, गरिबीचं प्रमाण सारखं असूनही. २०१० च्या एका अभ्यासात हा फरक तीस टक्क्यांहून अधिक आढळला. २०१६ च्या अहवालात संशोधकांनी त्याची जी कारणं मांडली, त्यांत एक असं: युद्धोत्तर काळात सरकारी धोरणाने तरुण, कुशल कामगारांची कुटुंबं निवडून ईस्ट किलब्राइड, कंबरनॉल्डसारख्या नव्या नगरांत हलवली, आणि मागे राहिलेलं शहर दुबळं होत गेलं. माझ्या वर्गातली हुशार मुलं एकामागून एक गेली, शेजारचे चांगल्या नोकरीचे काका गेले, मग खेळायला कोणी उरलं नाही: पन्नास वर्षांपूर्वीचं मूल हे आपल्या शब्दांत सांगतच होतं.

मराठी वाचकाला यात परकं वाटू नये. नगररचनाकार पॅट्रिक गेडीस स्कॉटलंडमधल्या पर्थजवळच्या टेकडीवर वाढले. पुढे एडिनबरोच्या जुन्या, गलिच्छ समजल्या जाणाऱ्या भागात बायकोसह राहायला जाऊन तिथली घरं त्यांनी एकेक करून सुधारली, अगदीच नाइलाज झालेली तेवढी पाडली. १९१९ ते १९२४ या काळात ते मुंबई विद्यापीठात नागरिकशास्त्र आणि समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. आधी पाहणी, मग आराखडा, हा त्यांचा आग्रह होता. त्याच वर्षांत मुंबईत बीडीडीच्या चाळी बांधल्या जात होत्या. आज त्या पाडून टॉवर उभे राहत आहेत, आणि वाद अगदी ग्लासगोसारखाच चालतो: एकीकडे गणपतीच्या मंडपाच्या आठवणी, दुसरीकडे ‘१६० चौरस फुटांत राहून दाखवा’. मोठं घर मिळावं ही रहिवाशांची इच्छा शंभर टक्के रास्त आहे. पण चाळीतलं मूल सामाईक गॅलरीत कोणाच्या नजरेखाली वाढलं, आणि बाविसाव्या मजल्यावर ती नजर कुठून येणार, हा प्रश्न नकाशा काढण्याआधीचा आहे.

एक आक्षेप अजून राहतो, आणि मला तो सर्वांत जास्त टोचतो. आठवणींना वजन दिलं तर जुन्यांचं पारडं जड होतं. काल आलेल्याकडे कोणती आठवण? यावर उपाय हाच की साक्ष घेताना किती वर्षं राहिलात हे विचारू नये. गोर्बल्समध्ये आयरिश, ज्यू, इटालियन, पंजाबी कुटुंबं एकामागून एक आली आणि प्रत्येकाचं बालपण त्याच फरशीवर गेलं. रेड रोडच्या त्या सहाव्या इमारतीतल्या मुलांनी बाकीच्या इमारती खिडकीतून पाहिल्या असतील; त्यांचं ग्लासगो तिथूनच सुरू झालं. रेड रोडच्या इतिहासात त्यांचं म्हणणं नसेल तर तो इतिहास अपुरा आहे.

आता चर्चच्या इमारतींकडे. विक्रीच्या कागदांत छपराच्या दुरुस्तीचा खर्च असतो, रविवारी येणाऱ्यांची संख्या असते, जागेची किंमत असते. त्याच फाइलमध्ये, निर्णयाच्या आधी, वस्तीतल्या तीन पिढ्यांच्या जबान्या असाव्यात: मागच्या सभागृहात आठवड्यात कोण कोण जमत होतं, बालवाडी कोणी चालवली, अंत्यविधीनंतर माणसं चहाला कुठे बसत, आणि हे सगळं यापुढे कुठे होणार. जबानी घेणारा विकणाऱ्या संस्थेचा नोकर नसावा. आणि ज्यांना लहानपणी त्या दारातून आत जायची भीती वाटत होती, त्यांना सर्वांत आधी बोलवावं.